परसातला मीठा बहार

अंजीर पिकले की मान टाकते. तोवर फांदीशी काहीशा उर्मट कोनात ताठ उभे असलेले फळ एका रात्रीत खाली वळते, देठापाशी सैल होते, अंगावर बारीक उभ्या भेगा पडतात आणि तळाच्या डोळ्याशी मधासारखा एक थेंब येऊन थांबतो. अशा वेळी त्याला तळहाताचा नुसता आधार द्यावा आणि किंचित वर उचलावे. ते आपणहून हाती येते. ओढावे लागले, किंवा देठातून पांढरा चीक आला, तर आपली एका दिवसाची घाई झाली असे समजावे. हे ज्ञान आम्हांला कोणत्या पुस्तकातून मिळाले नाही. भोरच्या घराच्या परसात ते आईंनी दिले. (आमच्यापैकी एकाच्या त्या आई आणि दुसरीच्या सासूबाई; पण या लेखात त्या दोघांच्याही आईच.)

झाड मूळचे भोरचे नव्हे. भोर आणि त्याच्या पलीकडचे वेल्हे हा पावसाचा, भाताचा मुलूख. अंजिराला असला पाऊस मानवत नाही. कापूरहोळवरून नारायणपूरमार्गे सासवडकडे निघाले की पाऊस मागे पडत जातो, हवा कोरडी होते आणि मग पुरंदरच्या अंजिराच्या बागा दिसू लागतात. या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. आईंना मानांकनाशी कर्तव्य नव्हते. त्याच्या किती तरी वर्षे आधी, सासवडकडच्या एका लग्नाहून परतताना त्यांनी ओल्या गोणपाटात गुंडाळलेले दोन फाटे एसटीने आणले आणि धुण्याच्या दगडामागे खोचून दिले. एक जगला. पावसाळ्यात त्याच्या पानांवर तांबेरा येई, भाद्रपदापर्यंत झाड जवळजवळ बोडके होई, आणि आम्ही दरवर्षी ‘हे काही आता टिकत नाही’ असा निकाल देऊन पुण्याला परतत असू. दसरा झाला की आई कोयत्याने त्याची छाटणी करीत. चैत्रात झाड फळांनी लगडलेले असे.

बागाईतदार अंजिराचे दोन बहार धरतात. पावसाळ्याच्या तोंडाशी छाटणी केली तर फळ हिवाळ्यात येते, तो खट्टा बहार. पावसाळा सरल्यावर छाटले तर फळ मार्चपासून पुढे उन्हाळ्यात येते, तो मीठा बहार. चवीचा फरक नावातच आहे. बहार हा शब्द फारसी, अंजीर हाही फारसी, आणि दोन्ही इतके आपले झाले आहेत की ते परके वाटावेत यासाठी व्युत्पत्तिकोश उघडावा लागतो.

या फळाचा एक स्वभाव मात्र कोशात सापडत नाही. केळे, आंबा, चिकू ही फळे झाडावरून उतरवून अढीत घातली की पिकतात. अंजीर तोडल्यावर पिकत नाही. मऊ पडेल, नासेल, पण गोडी जिथे होती तिथेच थांबते. म्हणजे पूर्ण पिकलेले अंजीर तोडावे तर ते दुसऱ्या गावाला पोचत नाही, आणि पोचेल असे तोडावे तर ते पूर्ण पिकलेले नसते. मंडईतल्या पाटीत अंजिराच्याच पानांवर नीट रचून ठेवलेली फळे सुरेख दिसतात, चवीलाही वाईट नसतात. पण ती या तडजोडीतून आलेली असतात. ज्याच्या दारी झाड आहे, त्यालाच ही तडजोड करावी लागत नाही. मात्र त्यासाठी त्याने दारी असावे लागते.

आणि आम्ही दारी नसतो. आमच्या दोघांच्या नोकऱ्या पुण्यात. भोर पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर असले, तरी मार्च-एप्रिल म्हणजे परीक्षा, पर्यवेक्षण आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. आई होत्या तोवर याचे काही बिघडत नव्हते. आम्ही शनिवारी पोचायचो, ताटलीत पाच-सहा फळे झाकून ठेवलेली असायची, ती खायची. आठवड्याच्या इतर दिवसांत त्या झाडाचे काय होते, हा प्रश्नच आम्हांला कधी पडला नाही.

आई गेल्या त्याला दोन वर्षे झाली. त्या मार्गशीर्षात गेल्या आणि पुढच्या चैत्रात, गुढीपाडव्यानंतरच्या पहिल्या शनिवारी, आम्ही घर उघडले. मागचे दार ढकलताच आंबूस, दारूसारखा वास आला. झाडाखाली फळांचा सडा. काही फुटलेली, काही वटवाघळांनी अर्धी खाल्लेली; त्यांच्यावर मुंग्यांच्या रांगा आणि गांधीलमाश्या. झाडाने आपले काम वेळापत्रकानुसार केले होते. आम्ही खराटा घेतला आणि कितीतरी वेळ काही न बोलता ते झाडून काढत राहिलो. सिल्व्हिया प्लाथच्या ‘द बेल जार’ या १९६३च्या कादंबरीत अंजिराचे एक झाड आहे. त्याचे प्रत्येक फळ म्हणजे नायिकेसमोरचे एकेक संभाव्य आयुष्य. तिला निवड करता येत नाही आणि फळे सुकून तिच्या पायाशी पडतात. आपल्या परसातली फळे अशा एखाद्या अस्तित्ववादी पेचामुळे पडली असती, तर निदान सांगायला बरे वाटले असते. ती पडली, कारण आम्ही वर्गात पर्यवेक्षण करीत होतो.

तरीही झाडावर त्या दिवशी त्र्याण्णव चांगली फळे होती. मोजली, कारण मोजण्याशिवाय काय करावे ते सुचेना. मग आईंची पाककृतींची वही काढली. निळ्या शाईत वड्या, चकल्यांची भाजणी, काळा मसाला, दिवाळीच्या अनारशांचे प्रमाण, सगळे होते. अंजीर नव्हते. घरातली छापील पुस्तके चाळली; त्यांत जे अंजीर सापडले ते बहुतेक सुके, म्हणजे बर्फीतले, दुधात भिजवलेले आणि पोट साफ होण्यासाठी सुचवलेले. परसात एका दिवसात पिकणाऱ्या त्र्याण्णव ताज्या अंजिरांचे काय करायचे, याबद्दल लिखित परंपरा मूक होती.

तेव्हा आम्ही तेच केले जे करायला आम्हांला विद्यापीठाने शिकवले आहे. मूळ संहिता हरवलेली असताना उपलब्ध पाठांवरून ती जुळवायची. पहिला साक्षीदार शेजारच्या काकू, दुसरी साताऱ्याची मावशी, आणि तिसरी आमची स्वतःची जीभ. तिची साक्ष सर्वांत अविश्वसनीय, कारण तिला चव आठवत होती, प्रमाण नाही.

मेथांब्याच्या बाबतीत पाठभेद फार निघाले. आई अंजिराचा मेथांबा करीत, याविषयी सर्व साक्षीदारांचे एकमत. काकू म्हणाल्या, त्यात चिंचेचा कोळ असायचा. मावशी म्हणाली, चिंच कधीच नाही, कैरीच्या दोन फोडी. आम्ही दोन्ही करून पाहिले. पिकलेली पण अजून घट्ट अशी अंजिरे घ्यावीत, देठ काढून प्रत्येकाचे चार भाग करावेत. तेल, मोहरी, हिंग, हळद. फोडणीत मेथीचे दाणे तांबूस होऊ द्यावेत, काळे नव्हेत. मग फोडी, तिखट, मीठ, आंबट जे घालायचे ते, आणि गूळ अगदी नखभर, कारण अंजीर स्वतःच गोड आहे. कैरीने केलेला मेथांबा खाल्ला आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. हाच. काकूंच्या चिंचेचेही कोडे नंतर सुटले: पाडवा लवकर आला आणि कैरी अजून बाजारात नसली, की आई चिंच घालीत. दोन्ही पाठ अस्सल होते, एक प्रमुख आणि एक पर्यायी. पाठचिकित्सेच्या तासाला आता आम्ही हे उदाहरण देतो. विद्यार्थ्यांना ते हस्तलिखितांच्या वंशवृक्षापेक्षा चटकन कळते.

दुधाच्या बाबतीत मात्र आम्हांला अद्दल घडली. केळ्याचे शिकरण होते तसे अंजिराचे का होऊ नये, असा विचार करून आम्ही चिरलेली फळे थंड दुधात घालून तासभर ठेवली. दूध कडवट झाले आणि त्यात बारीक कण दिसू लागले. काकू हसल्या. “अगं, तुझ्या सासूबाई आधी तुपावर परतून घ्यायच्या की! कच्चं अंजीर दुधात घालायचं नाही.” कारण नंतर वाचले. अंजिराच्या चिकात फायसिन नावाचे विकर असते. ते प्रथिने तोडते. पिकता पिकता फळातला चीक कमी होतो, तरी देठाशी आणि सालीत थोडा उरतोच. उष्णतेने विकर निकामी होते, म्हणून तुपावर परतलेले अंजीर बासुंदीत निमूट बसते. तोडताना बोटांना खाज सुटते तीही या चिकामुळेच. आई हाताला खोबरेल लावूनच झाडाजवळ जात.

हे वाचत असताना एका जुन्या ओळखीच्या जागी पुन्हा पोचलो. ‘इलियड’च्या पाचव्या सर्गात युद्धदेव आरेस जखमी होऊन ऑलिंपसवर कण्हत येतो आणि देवांचा वैद्य त्याची जखम भरतो. ती किती झपाट्याने भरली, हे सांगायला होमर उपमा देतो ती अंजिराच्या चिकाने विरजणाऱ्या दुधाची. एम.ए.ला असताना ही उपमा आम्ही ‘दैनंदिन जीवनातून घेतलेली उपमाने’ या मथळ्याखाली पाठ केली होती आणि त्यावर बरे गुणही मिळवले होते. ती डोळ्यांनी पाहायला विशीतून चाळिशीत यावे लागले आणि अर्धा लिटर दूध वाया घालवावे लागले.

मुरंब्याविषयी फार सांगण्यासारखे नाही. किलोभर फळांना अर्धा किलो साखर आणि दोन लिंबे. लिंबू विसरू नये: अंजिरात स्वतःचा आंबटपणा फार कमी, त्यामुळे लिंबावाचून मुरंबा नुसता मिट्ट होतो आणि टिकतही नाही. चार लवंगा घालाव्यात. वेलची घालू नये असे आमच्यापैकी एकाचे ठाम मत आहे, दुसरीने ती घातलेली आहे. वाळवण्याच्या वाटेला मात्र जाऊ नका. गच्चीवर पांढऱ्या धोतरावर अंजिरे पसरून आम्ही अफगाणी माळांची स्वप्ने पाहिली. आपल्याकडच्या अंजिराची साल नाजूक, रस फार, साखर त्या मानाने कमी. तिसऱ्या दिवशी बुरशी आली आणि धोतरही डागाळले. वाण्याकडच्या दोरीत ओवलेल्या चपट्या अंजिरांची जातकुळी वेगळी आणि त्यांना मिळणारे ऊनही वेगळे. एका प्रदेशाचे फळ दुसऱ्या प्रदेशाच्या रीतीने टिकवता येत नाही, हे आम्हांला भाषांतराच्या अभ्यासाने तरी कळायला हवे होते.

या सगळ्या खटाटोपात एक गोष्ट पुन्हा पुन्हा मनात येत राहिली. मराठी साहित्यात उंबर आहे, तसे अंजीर नाही. बालकवींचा ‘औदुंबर’ अवघ्या आठ ओळींचा, पण त्याच्यावरच्या लेखनाने कपाट भरेल. दत्तसंप्रदायात तर उंबर साक्षात दैवत. आमच्या वाटेवरच्या नारायणपूरला दत्ताच्या दर्शनाला जाणारे लोक त्याच रस्त्याने अंजिराच्या बागा ओलांडून येतात, पण हात जोडतात ते उंबरालाच. वस्तुतः दोघे सख्खे भाऊबंद. वड, पिंपळ, उंबर आणि अंजीर ही एकाच कुळातली झाडे आणि चौघांच्याही फळाची रचना एकच: बाहेरून फळ दिसते तो खरे तर आत वळलेला फुलोरा. फुले असतात, शेकडो असतात, पण ती आतल्या बाजूला उमलतात.

म्हणूनच ‘उंबराचे फूल’ हा वाक्प्रचार शिकवताना आम्हांला आता थोडे अडखळायला होते. क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण उंबराचे फूल म्हणतो, कारण ते कुणी पाहिलेले नाही. पण ज्याने उंबर किंवा अंजीर फोडले आहे त्याने ती फुले पाहिलेली आहेत; फक्त ती फुले आहेत हे त्याला कुणी सांगितले नाही. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आपल्या मुलाला वडाचे फळ आणून फोडायला सांगतो, मग त्यातले बीज फोडायला सांगतो, आणि आत काय दिसते असे विचारतो. काहीच नाही, असे श्वेतकेतू म्हणतो आणि तिथून पुढे तत्त्वज्ञान सुरू होते. आमच्यासारख्या प्राकृत माणसांचे लक्ष मात्र आधीच्या पायरीवरच रेंगाळते: फळ फोडले तेव्हा त्या दोघांनाही फुले दिसली असणार.

उंबर फोडले तर आणखी एक गोष्ट दिसते, ती म्हणजे केंबरे. ते इवले कीटकच उंबराचे परागीभवन करतात. त्यांच्यावाचून उंबराचा वंश चालत नाही. आईंना ही वनस्पतिशास्त्रीय बाजू ठाऊक नव्हती, पण आमचा व्यवसाय त्यांनी नेमका ओळखला होता. एकदा जेवताना आम्ही दोघे एका कवितेवरून हिरिरीने भांडत होतो. त्या वाढता वाढता म्हणाल्या, “तुमची समीक्षा म्हणजे उंबर फोडायचं आणि केंबरं मोजत बसायचं. खायचं कधी?” आपल्याकडचे अंजीर या बाबतीत निर्धास्त आहे. त्याला फळ धरायला कीटक लागत नाही. परागीभवनावाचूनच ते वाढते आणि पिकते. ते बेलाशक फोडावे, आत गुलाबी गर आणि दाताखाली कुरकुरणाऱ्या बारीक बिया, याहून दुसरे काही निघत नाही.

गराच्या रंगावरून आठवले. आईंचे एक अंजिरी नऊवारी लुगडे होते, ते आमच्याकडे आहे. अंजिरी म्हणजे सालीचा रंग की गराचा, यावर आमचे एकमत नाही. साल जांभळट, गर गुलाबी, आणि लुगडे या दोहोंच्या मधले. गेल्या उन्हाळ्यात आम्ही ते झाडाखाली नेऊन एका फळाशी ताडून पाहिले. फळ हाताळण्याच्या नादात पदराला चिकाचा डाग पडला आणि वाद तिथेच थांबला.

आईंच्या वहीत अंजीर का नव्हते, ते चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कळले. आई दरवर्षी तृतीयेपासून पुढच्या एखाद्या मंगळवारी किंवा शुक्रवारी ते करीत: आंब्याची डाळ, पन्हे, भिजवलेले हरभरे, कलिंगडाची कमळे, आणि गौरीच्या पुढ्यात अंजिराच्या पानावर मांडलेली अंजिरे. त्या पहिल्या वर्षी आमच्या घरी काही करायचे नव्हते. दुसऱ्या वर्षी काकूंच्या आग्रहाने केले. आलेल्या बायकांपैकी जवळजवळ प्रत्येकीने अंजिराची चौकशी केली, आणि प्रत्येकीच्या बोलण्यात वेगळा वार होता. कुणाकडे आई सोमवारी द्यायच्या, कुणाच्या नातवाला गुरुवारी शाळेतून येताना. दात गेलेल्या एका आजींना रोज एक, साल काढून. म्हणजे आमच्या ताटलीतली शनिवारची पाच-सहा फळे हा आमचा वार होता, इतकेच. जे फळ दुसऱ्या दिवशी उरत नाही त्याची पाककृती लिहून ठेवायची वेळच येत नाही. उरले तर मेथांबा, आणि तो काकूंना तोंडपाठ होता.

घराचे काय करायचे हा प्रश्न अजून तसाच आहे. ते बंद ठेवून नीट राहत नाही. गेल्या वर्षी एकजण पाहून गेले, व्यवहार त्यांच्या बाजूने सरळ होता. फक्त गाडी लावायला मागची जागा मोकळी हवी असे म्हणाले. आम्ही ‘कळवतो’ म्हटले. ते अद्याप कळवलेले नाही. आम्ही केले ते एवढेच की परसाच्या दाराची किल्ली काकूंकडे दिली. दसऱ्याला छाटणीही त्यांनीच उभे राहून करून घेतली, आणि छाटलेल्या फाट्यांपैकी किती त्यांनी गल्लीत वाटले याचा हिशेब आम्हांला मिळालेला नाही.

यंदा एका बुधवारी दुपारी, आम्ही दोघे उत्तरपत्रिका तपासत असताना, त्यांचा फोन आला.

“अरे, आज अकरा निघाली. चार वटवाघळांनी नेली. आजींचं एक दिलं, शाळेतली पोरं तीन खाऊन गेली. तुमची दोन फ्रीजमध्ये ठेवू का? शनिवारपर्यंत काही राहायची नाहीत ती.”

आम्ही म्हटले, “नको काकू, तुम्हीच खा.”

“खाल्ली,” त्या म्हणाल्या. “विचारायचं म्हणून विचारलं.”